शांत दिल्लीचे रहस्य
(मंडळाच्या वाङ्मय शाखेत दिलेले भाषण)



चित्रांचे पुस्तक मुलांसाठीच असते, हा समज दूर करणारी एक इंग्रजी चित्रकादंबरी आज आपणांपुढे ठेवीत आहे. विश्वज्योती घोष यांची ‘डेल्ही काम’, अर्थात ‘शांत दिल्ली’, २०१० साली प्रसिद्ध झाली.

१९७४ साली भ्रष्टाचार व महागाई यांविरुद्ध बिहारमधील विद्यार्थी उठले आणि जयप्रकाशजींनी त्यांचे नेतृत्व स्वीकारले. त्या विचाराने भारावलेले तीन तरुण मित्र या कादंबरीचे नायक आहेत. गाणी गात लोकजागृती करणाऱ्या या मित्रांवर १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी कोसळते. जुन्या छायाचित्रांसारख्या तपकिरी छटांत ही कथा रंगविली आहे.

रहस्यकथेत गुन्हेगार कोण, ते शेवटी उमगते. येथे तो आरंभीच ठाऊक असतो. उलगडायचे ते एवढेच, की इतकी माणसे गप्प कशी राहिली?

२५ जूनच्या रात्री दिल्लीतील बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांची वीज तोडण्यात आली. तो हुकूम तोंडी होता, हे पुढे शाह आयोगाच्या चौकशीत निष्पन्न झाले. मी सरकारी सेवक आहे. तोंडी हुकूम का दिला जातो, हे आम्हां मंडळींस सांगावे लागत नाही. अशा वेळी ‘लेखी द्यावे’ एवढे दोन शब्द उच्चारण्यासही धैर्य लागते.

आपल्या ग्रंथालयाने हे पुस्तक अवश्य घ्यावे, आणि तरुणांबरोबर सेवेतील आपण साऱ्यांनीही ते वाचावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.