‘इथे कसला इतिहास’ म्हणणाऱ्यांना



अध्यक्षाने सुरुवात आभारांनी करावी असा शिरस्ता आहे. आभार मानते, आणि लगेच भांडायला घेते.

सकाळपासून या व्यासपीठावर कविता झाल्या, ललितलेख वाचले गेले. त्यांत सदाशिव पेठेतला पाडलेला वाडा आला, गिरगावातली चाळ आली, भावकीच्या वादात विकलेलं कोकणातलं घर आलं. आपलं टेक्सासमधलं प्लेनो कुठेच आलं नाही. ज्या गावात आपण पंचवीस-तीस वर्षं राहिलो, मुलं वाढवली, घराचं कर्ज फेडलं, त्या गावाला आपल्या लिखाणात जागा नाही. कारण आपण केव्हाच ठरवून टाकलंय की इथे राखण्यासारखं काही नाही. ‘अमेरिकेला कसला आलाय इतिहास!’ आपल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक सहलीत आणि प्रत्येक पंगतीत हे वाक्य कुणीतरी टाकतं आणि बाकीचे माना डोलावतात. आज मी त्या वाक्याचा समाचार घेणार आहे.

तुम्ही पंधराव्या रस्त्याने रोज गाडी हाकता. डाव्या-उजव्या हाताला काय आहे ते बघा. 1891 साली हंटर फॅरेल यांनी बांधलेलं लाकडी घर तिथे उभं आहे. त्याच्याभोवती एकेकाळी 365 एकरांची शेती होती. आज चारेक एकर उरलेत. त्यांची मुलगी अ‍ॅमी विल्सन शेवटपर्यंत त्या घरात राहिली. मेंढ्यांच्या पैदाशीत तिने मोठं नाव कमावलं होतं. 1972 साली ती गेली. भोवती नव्या घरांच्या वसाहती पसरत होत्या, जमिनीला सोन्याचा भाव येत होता, आणि ते घर पाडून मोकळं होणं सगळ्यांत सोपं होतं. मग ते वाचलं कसं? गावातली माणसं 1973 मध्ये एकत्र आली, त्यांनी प्लेनो हेरिटेज असोसिएशन उभी केली. 1978 मध्ये घर ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेलं आणि 1986 मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं. म्हणजे तेरा वर्षं. आपण शाळेच्या सहलीला मुलांना तिथे पाठवतो, परवानगीच्या कागदावर सही करतो आणि विसरतो. त्या तेरा वर्षांत कुणीतरी नोकरी-संसार सांभाळून बैठका घेतल्या, वर्गण्या मागितल्या, छपराची गळती काढली. त्यांची आडनावं आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहेत?

आणि ही सगळी उठाठेव प्लेनो केवढं असताना? 1960 च्या जनगणनेत या गावची लोकसंख्या 3,695 होती. 1970 ला ती 17,872 झाली, 1980 ला 72 हजारांवर गेली. 2020 ला 2 लाख 85 हजार. या पुरात आपणही आलो. ईडीएस आली, जेसीपेनी आली, टोयोटा आली, त्यांच्या मागोमाग आपण आलो. पूर आणणाऱ्यांत आपण आहोत, तर बांध घालणाऱ्यांत का नाही?

इथली जमीन बघा. आपल्यातले जे विदर्भ-खानदेशातून आले त्यांना मी वेगळं सांगायला नको. तीच काळी, चिकण, कापसाची माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. 1872 मध्ये रेल्वे आली आणि हे गाव कापसावर वाढलं. जुनी लाकडी घरं या मातीत खांबांवर उभी आहेत. माती हलली की घर कलतं, दारं चौकटीत अडकतात, खिडकी वर सरकत नाही. दर काही वर्षांनी घराखाली सरपटत जाऊन खांब पुन्हा समपातळीत आणावे लागतात, खिडकीच्या काचेभोवतीची लांबी खरवडून नवी भरावी लागते. हे जाणणारी, हाताने करणारी माणसं गावात आहेत. पण ती म्हातारी होत चालली आहेत आणि त्यांच्या मागे कुणी उभं राहत नाही.

इंजिनियरांच्या या सभेत मी एक गैरसमज दूर करते. राष्ट्रीय नोंदवहीत नाव गेलं म्हणजे घर सुरक्षित झालं, असं तुम्हाला वाटतं. तसं नाही. मालकाने स्वतःच्या पैशाने स्वतःचं घर पाडायचं ठरवलं तर ती नोंदवही त्याचा हात धरू शकत नाही. खरे दात आहेत ते गावच्या वारसा-नियमाला. प्लेनोने तो 1979 मध्ये केला. वारसा ठरलेल्या इमारतीला करसवलत मिळते आणि तिच्या दर्शनी भागात बदल करायचा तर हेरिटेज कमिशनपुढे जावं लागतं. कमिशनवर आहेत तुमच्या-माझ्यासारखे बिनपगारी नागरिक. तेही दात 2019 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने बोथट केले. मालकाची संमती नसेल तर इमारतीला वारसा ठरवायला आता तीन-चतुर्थांश मतं लागतात. तीन-चतुर्थांश! अशा वेळी सभागृहात कोण बसलं आहे, माईकपुढे उभं राहून कोण बोललं, याला किंमत येते. त्या खुर्च्यांवर आपण नसतो. आपल्या गल्लीत दुकानाची पाटी मोठी झाली की मात्र आपण तक्रार घेऊन धावतो.

कॉलिनवुडचं घर आठवा. 1860 च्या आसपासचं, गावातलं सगळ्यांत जुनं म्हणून मानलेलं. ज्या जमिनीवर ते उभं होतं ती जागा गावाने उद्यानासाठी घेतली आणि मग घराचं काय करायचं यावर वर्षानुवर्षं वाद चालला. ठेवा, पाडा, विका, हलवा. शेवटी ते मूळ जागेवरून उचलून दुसरीकडे न्यावं लागलं. पाडलं नाही, हे त्यासाठी भांडलेल्यांचं यश. पण ज्या मातीशी दीडशे वर्षं त्याचं नातं होतं ती सुटली. त्या वादात मराठी आवाज मला ऐकू आला नाही. मी स्वतः त्या वेळी कानाकोपऱ्यात फिरून सह्या मागत होते. आपल्याच एका सुशिक्षित गृहस्थांनी मला दारातून परत पाठवलं, ‘ताई, हे आपलं काम नव्हे’ म्हणून.

आता तरुणांच्या आक्षेपाकडे येते. तो जास्त प्रामाणिक आहे. ते म्हणतात, हा गोऱ्या जमीनदारांचा इतिहास आहे, आपण त्याला का खांदा द्यायचा? आक्षेप खरा आहे. 1840 च्या दशकात केंटकी आणि टेनेसीतून इथे लोक आले ते सगळे फक्त स्वतःच्या हातांवर विसंबून आले नाहीत, काहींनी गुलामही आणले. पण तुमचा निष्कर्ष उलटा आहे. डाउनटाउनच्या दक्षिणेला डग्लस वस्ती आहे. गुलामीतून सुटलेल्यांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी ती वसवली. त्यांच्या मुलांना वेगळ्या शाळेत बसवलं जायचं. पुढे त्या शाळेला फ्रेडरिक डग्लस यांचं नाव लागलं. त्यांची माणसंसुद्धा वेगळ्या दफनभूमीत पुरली गेली. मोठ्या हवेल्यांना फलक मिळतो, त्या वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घराला बुलडोझर मिळतो. जुन्या कॉटन बेल्ट रेल्वेच्या मार्गावर 2025 मध्ये सिल्व्हर लाइन ही नवी रेल्वे सुरू झाली. या वस्तीजवळ बाराव्या रस्त्यावर स्थानक आलं. स्थानकाजवळच्या जमिनीचं काय होतं हे ठाण्या-पनवेलच्या माणसाने मला विचारू नये. तुम्हाला गोऱ्यांचा एकतर्फी इतिहास खुपतो ना? मग थॉर्नटन हाऊसमधलं आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय बघून या आणि त्या वस्तीच्या बाजूने सुनावणीला उभे राहा. घरी बसून आक्षेप घेतल्याने एक फळीसुद्धा वाचत नाही.

‘आपलं काय त्यात’ म्हणणाऱ्यांना मी तंजावरला घेऊन जाते. भोसले राजे तिथे परके होते. चोळांचं देऊळ त्यांच्या बापजाद्यांनी बांधलेलं नव्हतं. तरी दुसऱ्या सरफोजी राजांनी त्या देवळाची निगा राखली आणि 1803 मध्ये त्याच्याच भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. त्यांनी वाढवलेल्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत. ते आजवर कुणी जपले? तमिळ भूमीने. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले तेव्हा आपल्या सगळ्यांचे फोन अभिनंदनाने भरून गेले. त्या बारांतला जिंजी तमिळनाडूत आहे. त्याची तटबंदी साफ करणाऱ्याच्या घरी मराठी बोलत नाहीत. त्याने जर ‘हे आपलं नव्हे’ म्हटलं असतं तर?

आणि राजवाडे? इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या कागदांचे रुमाल सोडवत होते, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेले कागद परत आणत होते. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते अशा माणसांच्या जिद्दीवर. कुठल्या सरकारने त्यांना नेमलं होतं? त्यांची तसबीर लावून आपण इथे साहित्यसभा भरवतो, आणि हॅगर्ड ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचं दालन आहे, त्याचा पत्ता विचारला तर सभागृहात चार हात वर येत नाहीत.

लेगसी भागातल्या दुकानांना खेटून बॅकस दफनभूमी आहे. आपण शेजारच्या उपाहारगृहात जागा मिळेपर्यंत फोन बघत उभे असतो. तिथे 1847 पासूनची माणसं झोपली आहेत. जुना थडग्याचा दगड कसा धुतात ते मी शिकले, तुम्हीही शिकू शकता. आधी साध्या पाण्याने भरपूर भिजवायचा. मऊ ब्रश घ्यायचा आणि खालून वर घासत जायचं, म्हणजे मळाचे ओघळ दगडात मुरत नाहीत. ब्लीच नाही, तारेचा ब्रश नाही, पाण्याचा जोरदार फवारा तर मुळीच नाही, दगडाचा पापुद्राच निघतो. तासाभराने शेवाळाखालून एक अक्षर दिसतं, मग दुसरं. कधी ते दोन वर्षांच्या लेकराचं नाव असतं. या कामाला पदवी लागत नाही, वर्गणी लागत नाही. शनिवारची सकाळ लागते.

राहिला वारसा ठरलेल्या घराच्या पुनर्विक्रीच्या किमतीचा मुद्दा. तो मी फार वेळ चघळणार नाही. ज्यांना घर म्हणजे फक्त भाव दिसतो त्यांनी पुण्यातल्या वाड्यांवर रडणं थांबवावं. तो वाडाही कुणीतरी भाव बघूनच पाडला.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. राष्ट्रीय नोंदवहीसाठी इमारत साधारण पन्नास वर्षांची असावी लागते. 1975 मध्ये बांधलेली बैठी विटांची घरं ती रेषा ओलांडून गेली. आपले पहिले गणपती अशाच घरांच्या गॅरेजमध्ये बसले, पहिली नाटकं अशाच दिवाणखान्यांत वाचली गेली. म्हणजे वीस वर्षांनी प्लेनोचा जो इतिहास लिहिला जाईल त्यात आपण असायला हवं, आणि त्याचे पुरावे आज आपल्या माळ्यावरच्या खोक्यांत आहेत. जुने अंक, हिशेबाच्या वह्या, हस्तलिखित आमंत्रणं. पहिल्या पिढीतली माणसं एकेक करून जात आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ग्रंथालयात दिल्या नाहीत, तर उद्या इथला एखादा नवा रहिवासी आपल्याबद्दल म्हणेल, ‘यांचा कसला इतिहास’.

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी ठराव मांडते. आपल्या मंडळाने वारसा समिती नेमावी. कमिशनच्या प्रत्येक बैठकीला समितीचा किमान एक सभासद हजर राहावा आणि बोलावा. पुढच्या दिवाळी अंकाची निम्मी पानं प्लेनोसाठी राखावीत, डग्लस वस्तीतल्या माणसांच्या मुलाखतींसह. ज्यांचा विरोध आहे त्यांनी चहाच्या टेबलाजवळ कुजबुजू नये, माईक इथे आहे. सूचक मी आहे. अनुमोदन कोण देतंय?