सातपुड्याचा वनपिंगळा



घुबडाला आपण दोन्ही भाषांत बदनाम केलं. उर्दू शायरीत ते ओसाड वास्तूवर बसतं. मराठीत ते घरावर बसलं की म्हातारी माणसं धसकतात. त्याचा धाकटा भाऊ पिंगळा जरा नशीबवान. पहाटे कंदील घेऊन भविष्य सांगत येणाऱ्या भिक्षेकऱ्याला आपण त्याचंच नाव दिलं. खान्देशातल्या एका पिंगळ्याचं स्वतःचं भविष्य मात्र कागदाच्या चिठ्ठीत अडकलं होतं.

त्याचं नाव वनपिंगळा. १८७३ साली ह्यूमसाहेबांनी त्याची शास्त्रात नोंद केली. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते तेच हे ह्यूम. पुढे १८८० नंतर डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं पश्चिम खान्देशात काही वनपिंगळे टिपले. पेंढा भरलेले ते पक्षी गावाच्या चिठ्ठीसह विलायतेला गेले. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसेना.

मधेच माइनर्ट्‌झहागेन या लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक वनपिंगळा निघाला. चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडवी, गुजरात, १९१४. ती लबाडी होती. डेव्हिडसनचाच पक्षी चोरून त्यानं नवी चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी जुने नमुने बारकाईनं तपासून हे उघड केलं. खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरून त्या सहकाऱ्यांसह निघाल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, वनपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. नंतर जळगाव जिल्ह्यात यावलच्या अभयारण्यातही तो आढळला.

हा पक्षी दिवसाउजेडी शिकार करतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, किडे खातो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याच्या डोक्यावर ते जेमतेम दिसतात. पोट पांढरंशुभ्र. घर जुन्या झाडाच्या ढोलीत. जंगल तोडून शेत झालं की पहिली जाते ती ढोलीच. शिवाय जादूटोण्यापायी घुबडं मारणारेही आहेत.

शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला यात एक गोष्ट लागते. एका खोट्या ओळीनं पक्ष्याचा पत्ता बदलला, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या खऱ्या ओळीनं तो परत मिळवून दिला. आता सातपुड्यातली ढोलीची झाडं राहिली नाहीत, तर खरी चिठ्ठीसुद्धा रिकाम्या माळाचाच पत्ता सांगेल. पोकळ झालेलं झाड निकामी नसतं, मंडळी. त्यात कुणाचं तरी बिऱ्हाड असतं.