उमेदवारीतून उच्च अर्हतेकडे



पूर्वी पेढीवरील उमेदवाराला रोजमेळ, खतावणी शिकावयास मिळे. प्रमाणपत्र मात्र मिळत नसे. सी.ए.च्या शिक्षणक्रमात प्रत्यक्ष काम आणि अर्हता यांचा मेळ बसला. इंटरमिजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आर्टिकलशिपला लागतो. 2023 च्या नव्या योजनेने तिचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणला. तेवढ्या काळात विद्यावेतनही मिळते. पुढे ही अर्हता हाती येते, आणि 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानली आहे.

काळ घटला, म्हणूनच त्याचे मोल वाढले. तरीही आप्ताच्या कार्यालयात नाव नोंदवून घरीच अभ्यास करणारे विद्यार्थी आढळतात. त्यांना सही मिळते, हिशेब तपासण्याची नजर मिळत नाही. कापडाचा पोत बोटांनाच कळतो, व्हाउचरचेही तसेच!

गावाकडील मुलामुलींची अडचण निराळी. शहरातील राहण्या-जेवणाचा खर्च विद्यावेतनात भागत नाही, आणि शिष्यवृत्त्या बहुधा महाविद्यालयाच्या फीपुरत्या असतात. या दोन वर्षांच्या निवास-भोजनाचा भार समाजाने उचलावा. पालकांनीही कार्यालय निवडताना नाते न पाहता, तेथे विद्यार्थ्यांना ऑडिटला प्रत्यक्ष नेतात का, एवढे अवश्य विचारावे.