सूड, शिक्षा आणि भरपाई
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



विषय ऐकून काही जणी गालांत हसल्या, ते मी पाहिले. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने कायद्यावर काय बोलावे? पण मी पुस्तकातला कायदा सांगायला उभी नाही. तीन वर्षे मी वहिनीबरोबर कोर्टाच्या तारखांना जात होते. बाकावर बसून जे शब्द कानांवर पडले, त्यांचे अर्थ मी भेटेल त्याला विचारून घेतले. तेवढेच सांगते.

आपल्या बोलण्यात याला शब्द किती आहेत पाहा! सूड उगवणे, उट्टे काढणे, वचपा काढणे, अद्दल घडवणे. घरात आपण हे सगळे एकाच अर्थाने वापरतो. जावेने हलके पातळ दिले, की तिच्या घरच्या कार्यात आपण त्याहून हलके द्यायचे, आणि झाली फिटंफाट! कोर्टात मात्र प्रत्येक शब्दाचा डबा निराळा असतो.

सूड घेतो तो ज्याचे नुकसान झाले तो, किंवा त्याचा नातलग. आणि किती घ्यायचा हे त्याचा राग ठरवतो. शिक्षा देणारा तिऱ्हाईत असतो, आणि तिचे माप गुन्हा घडण्याआधीच लिहून ठेवलेले असते. जुन्या बाबिलोनचा, म्हणजे आजच्या इराकमधला, हम्मुराबी राजाचा कायदा पावणेचार हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला. तो दगड आज पॅरिसच्या संग्रहालयात आहे. डोळा फोडणाऱ्याचा डोळा फोडावा, असे त्यात आहे. ऐकून अंगावर काटा येतो. पण मला त्यात एक लगामही दिसतो : एका डोळ्याबद्दल एकच डोळा, सगळे घर जाळायचे नाही. गरिबाचा डोळा फुटला तर मात्र नुसती चांदी देऊन सुटका होती. तेव्हाही माणसामाणसांत फरक होताच!

आपल्याकडचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. शब्द नीट पाहा. शास्त्रीबुवांनी सूड म्हटले नाही. प्रायश्चित्त म्हणजे करणाऱ्याने स्वतःचे पाप फेडणे. आणि 'शिक्षा' व 'शिक्षण' या तर सख्ख्या बहिणी. ज्याने हे शब्द केले त्याला मारापेक्षा काही अधिक हवे होते.

आजच्या कायद्यात शिक्षेमागे हे सारे हेतू एकत्र नांदतात. केल्याचे फळ, इतरांना जरब, गुन्हेगाराची सुधारणा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात पाच हजारांहून कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच करणाऱ्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. मला हे पटले.

आता आमच्या घरचे. २०१६ साली माझा धाकटा भाऊ सायकलवरून कामाला जाताना टेंपोखाली सापडून गेला. पदरी दोन लहान मुले. खटल्याच्या कागदावर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' आणि पुढे चालकाचे नाव. आई म्हणाली, "मुलगा माझा गेला, मग हे शासन कुठून आले?" सरकारी वकिलांनी समजावले, की गुन्हा सर्व समाजाविरुद्ध मानतात, म्हणून फिर्याद शासन चालवते. मग आईला कळले, की निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर जास्तीत जास्त दोन वर्षे कैद. "माझ्या लेकाचे मोल दोन वर्षे?" या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही. पुढे मला कळले, की कायदा नुसते नुकसान मोजत नाही, करणाऱ्याच्या मनात काय होते तेही मोजतो. जाणूनबुजून मारणारा आणि बेफिकीर हाकणारा यांचे माप एक नाही. नव्या संहितेत ही मर्यादा पाच वर्षांची आहे. पण जुन्या अपराधाला नवी वाढीव शिक्षा लावता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेतच आहे.

दुसरा अर्ज मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा होता. वहिनी सहीच करीना. "रक्ताचे पैसे मला नकोत," एवढेच म्हणे. आमच्या वकीलबाईंनी तिला जवळ बसवून सांगितले, "ही जिवाची किंमत नव्हे. ते असते तर मुलांसाठी जे घरी आणले असते, ते हे आहे. आणि देणार विमा कंपनी. हे घेतले म्हणून तुम्ही कोणाला माफ केले असे होत नाही." तेव्हा तिने सही केली.

पुढे फौजदारीत चालक पुराव्याअभावी सुटला. दाव्यात मात्र रक्कम मिळाली. आईला हे अजून उमगत नाही, आणि तिला दोष कसा देऊ? फौजदारीत संशयाला जागा उरली की आरोपी सुटतो. भरपाईच्या दाव्यात कोणाची बाजू अधिक संभवनीय एवढेच पाहतात. आई त्या पैशाला अजून हात लावीत नाही. मुलांच्या फिया त्यातूनच जातात.

हा हिशेब वय, कमाई आणि पदरी माणसे किती यावरून होतो. घरकाम करणारी बाई अपघातात गेली तर तिच्या कामाचीही किंमत धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०२१ साली सांगितले आहे. घरी यजमानांना हे अवश्य ऐकवा!

असा प्रसंग कोणावर न येवो. पण आलाच, तर २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेराव्यानंतर पाहू, वर्षश्राद्धानंतर पाहू, असे करू नका. एफआयआरची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते, ती मागून घ्या. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, पगाराचा कागद एका पिशवीत ठेवा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. बायकांना तेथे वकील मोफत मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.