गोष्टींतील पेरणी

श्रोतेहो, आमच्या खोपोलीच्या वीजघरांतील चक्रें १९१५ सालापासून फिरत आहेत. त्यांचें पाणी मात्र वर घाटमाथ्यावर असतें. वळवण, लोणावळें, शिरवतें येथें पावसाळ्यांत तें अडवावयाचें, आणि मग नळांतून सुमारें १७०० फूट खालीं सोडावयाचें. गोष्टीचा शेवट वाचकास हालवितो त्याचेंही पाणी असेंच आधीं कोठेंतरी अडविलेलें असतें.

महाभारतांतील शकुंतलेच्या आख्यानांत आंगठी नाहीं, दुर्वासाचा शापही नाहीं. तेथें आकाशवाणी होऊन प्रश्न सुटतो. (या ठिकाणीं बसून हें सांगतांना संकोच वाटतो, पण कथेंत आकाशवाणी हा दुबळा उपाय होय.) कालिदासानें आंगठी आणली, आणि तीही कशी? पहिल्याच अंकांत, दोन झाडांना पाणी घालण्याचें शकुंतलेवरील ऋण फेडण्यासाठीं राजा आपली नामांकित मुद्रिका सखींपुढें करतो. प्रसंग थट्टेचा; प्रेक्षक हंसतो आणि विसरतो. पुढें ओळख पटविण्याचा सारा भार मुद्रिकेवर पडतो, ती पाण्यांत हरवते, कोळ्यास माशाच्या पोटांत सांपडते, तेव्हां ती आपणांस परकी वाटत नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं हेंच नाटक पुण्यास मराठी रंगभूमीवर आणलें. पेरलेल्या वस्तूनें पेरलेल्या जागींही कांहींतरी काम करावें, ही खुबी येथें शिकावी. नुसती 'पुढें उपयोगी पडेल' म्हणून ठेवलेली वस्तू चाणाक्ष वाचक तेव्हांच ओळखतो.

गडकऱ्यांनीं तर 'एकच प्याला' या नांवांतच सर्व सांगून टाकलें. तेथें नवल उरत नाहीं, धास्ती उरते.

आतां माझी एक चूक सांगतों. सातवीच्या एका मुलानें वहींत गोष्ट लिहिली होती. बाप कामास जातो आणि शेवटच्या दोन ओळींत घाटांतल्या दरडीखालीं सांपडतो. मीं तांबड्या शाईनें 'पूर्वसूचना नाहीं' असा शेरा मारून गुण कापले. मुलगा वही घेऊन पुढें आला आणि म्हणाला, "गुरुजी, आम्हांला तरी कुठें सूचना होती?"

मला कांहीं ठाऊक नव्हतें. तास संपला तरी उत्तर सुचलें नाहीं.

दुःख झालेल्या घरीं माणसें मागाहून खुणा शोधीत बसतात : चहा अर्धाच घेतला, उंबऱ्यावरून दोनदां परतले. लेखक तेंच आधीं करतो, एवढाच फरक. चार दिवसांनीं मीं मुलाला जवळ बसवून विचारलें, "बाळ, त्या सकाळचें काय आठवतें?" तो म्हणाला, "घरांत छत्री एकच. मला शाळेंत जायचें म्हणून बाबा भिजतच गेले."

त्यानें गोष्ट पुन्हां लिहिली. छत्री पहिल्याच परिच्छेदांत आली. शेवटीं दरडीचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्या दिवशीं पाऊस होता, मुलगा शाळेंत गेला नाहीं, आणि छत्री खुंटीवर कोरडीच राहिली. मीं पूर्ण गुण दिले. मागील पानावरचा तांबडा शेरा मात्र कितीही खरवडला तरी निघेना.