घरातील जुनी शस्त्रे : किंमत आणि नोंदवही



खंडेनवमीला आपल्याकडे पुष्कळ घरांतून एखादी जुनी तलवार, कट्यार, नाहीतर भाल्याचे नुसते पाते खाली निघते. चिंच लावून मूठ घासतात, विटकरीच्या भुकटीने पाते उजळतात, हळदकुंकू वाहतात आणि दसरा झाला की ती वस्तू पुन्हा माळ्यावर जाते. तिची किंमत काय, असे पूर्वी फारसे कोणी विचारीत नसे. आता विचारतात, आणि विचारणारी माणसे थेट दारापर्यंत येतात.

त्याला कारणही तसेच घडले आहे. लंडनमध्ये २३ मे २०२३ रोजी टिपू सुलतानाची एक तलवार लिलावात विकली गेली. पंधरा ते वीस लाख पौंड येतील असा विक्री करणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात आले एक कोटी चाळीस लाख पौंड! १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हा टिपूच्या खासगी महालात ती सापडली, आणि इंग्रज फौजेचा सेनानी बेअर्ड ह्याला ती देण्यात आली, ही हकिकत त्या तलवारीबरोबर टिकून राहिली होती. पुढे २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनलाच नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार लिलावात निघाली. ती मात्र आपल्या महाराष्ट्र शासनाने घेतली. सत्तेचाळीस लाख पंधरा हजार रुपये पडले, आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला ती मुंबईत येऊन पोहोचली.

ही दुसरी तलवार आपण जरा नीट पाहू. तिचे पाते युरोपात घडलेले, सरळ आणि एकधारी आहे. अशा विलायती पात्याला आपले लोक फिरंग म्हणत. समुद्रमार्गाने ही पाती येत आणि मूठ इथे बसवली जाई. अशा फिरंगा मराठी मुलखात पुष्कळ होत्या. मग हिचेच एवढे मोल का? तर पात्यावर देवनागरी अक्षरांत रघूजी भोसले सेनासाहेबसुभा हे धन्याचे नाव आहे. ती अक्षरे कोणी घासून काढली असती तर एक चांगली जुनी फिरंग तेवढी उरली असती. ही वस्तू नागपूरहून कोणत्या वाटेने गेली ते कोणी लिहून ठेवले नाही. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर गेली असावी, असा तर्क करतात. तर्कच तो.

म्हणजे असे पाहा : लोखंड, चांदी, सोन्याचे काम ह्यांची एक किंमत असते. पण भाव चढतो तो वस्तूबरोबर आलेल्या नोंदीमुळे. ही वस्तू कोणाची, कुठली, कोणाकडून कोणाकडे आली, ही ती नोंद. आणि गंमत अशी की, ही नोंद आपल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. वस्तू विकणारा वस्तूचे पैसे घेतो. नोंद मात्र फुकट जाते, आणि बहुधा कायमची जाते.

आता तोंडची हकिकत म्हटली की थोडे सावध असले पाहिजे. आमच्या एका विद्यार्थ्याने घरच्या कट्यारीची माहिती लिहून आणली होती. पहिलेच वाक्य, "ही पानिपतावर होती." मी विचारले, हे कोण सांगते? तर आजोबा. आजोबांना कोणी सांगितले? तर ते सगळ्यांना ठाऊकच आहे! महाराष्ट्रातल्या ज्या ज्या शस्त्राबद्दल असे सांगतात ती सारी खरोखर पानिपतावर असती, तर लढाईचा निकाल कदाचित वेगळा लागता. पण म्हणून आजोबांचे म्हणणे टाकून द्यायचे असे नव्हे. ते लिहायचे, फक्त कोणी सांगितले, केव्हा सांगितले, हे शेजारी लिहायचे, म्हणजे पुढच्या माणसाला ते पारखून घेता येते.

मोठमोठ्या संग्रहालयांनाही हा जाच चुकलेला नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यास प्रदर्शनासाठी आली. त्यांच्या पेटीवर इंग्रजीत लेख आहे : ही शिवाजीची वाघनखे, आणि ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाने ती त्यास दिली. ग्रँट डफचा साताऱ्यातला मुक्काम १८१८ नंतरचा. अफझलखानाचा वध १६५९ चा. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत ती कोणाच्या घरी होती, ह्याचा धागा त्या लेखात नाही. म्हणून हीच ती वाघनखे, असे खात्रीने सांगता येत नाही, असे ते संग्रहालयच म्हणते. आपल्या मनातल्या आदराला ह्याने बाध येत नाही. पण एका पिढीने चार ओळी लिहिल्या असत्या तर आज वाद राहिला नसता, हेही खरे.

तलवार प्रत्येक घरी नसते. पदके मात्र, विशेषतः सातारा-कोल्हापूरकडे आणि कोकणात, आपल्या अंदाजापेक्षा जास्त घरांतून आहेत. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. तिथे कूतच्या वेढ्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ ह्या पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने ते ठाणे शरण गेले. त्या युद्धातून परत आलेल्या शिपायांना, आणि न आलेल्यांच्या घरच्यांना, पदके मिळाली. त्यांतले एक चांदीचे असे. त्याच्या एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहाचे डोके आणि वजन सुमारे पावणेतीन तोळे. चांदी महाग झाली की ते सोनाराकडे जाई. १९८० च्या सुरुवातीस जगभर चांदी कडाडली तेव्हा विलायतेतसुद्धा अशी पदके ढिगाने वितळली.

पण ह्या पदकाची कड कोणी पाहतो का? नाण्याची कड पाहावी तशी उजेडात तिरपी धरून पाहा. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. एवढे वाचले की त्या माणसाचा माग काढता येतो. जो परत आला नाही त्याचे नाव राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत शोधता येते. ही यादी आज घरबसल्या पाहता येते. एकाच शिपायाची सारी पदके एकत्र असली तर संग्राहक जास्त पैसे देतात. आपल्याकडे मात्र भावाभावांच्या वाटणीत एक पदक थोरल्याकडे आणि एक धाकट्याकडे जाते. वाटणी अवश्य करा, पण कोणाचे पदक कोणाकडे गेले ते दोघांच्याही वहीत असू द्या.

वहीचे म्हणाल तर ती साधी जाड पुठ्ठ्याची असावी. वस्तूला एक पान आणि एक अनुक्रमांक. तोच अंक सुती फितीवर लिहून फीत वस्तूला सैल बांधावी. वस्तूवर रंगाने लिहू नये, खिळ्याने तर मुळीच कोरू नये. पानावर वस्तूचे घरात चालणारे नाव, लांबी, वजन, मोडतोड, आणि अक्षरे असतील तर ती जशी दिसतात तशीच उतरून घ्यावी. समजत नसली तरी ती सुधारून लिहू नयेत. शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. फोन आज प्रत्येकाच्या खिशात आहे, पण फोनमधले चित्र फोनबरोबर जाते, म्हणून ते छापून पानावर चिकटवावे. चोरी झाली तर पोलिसांना दाखवायला हेच पान उपयोगी पडते. "एक जुनी तलवार" एवढ्या वर्णनावर कोणाचीच तलवार परत मिळत नाही.

वस्तू विकत घेतली असेल तर तारीख, देणाऱ्याचे नाव, दिलेली रक्कम आणि पावती हे त्याच पानावर हवे. पुढे कोणी मोल सांगितले तर तेही लिहावे, परंतु सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून. लिलावातल्या बातमीचा आकडा आपल्या तलवारीपुढे मांडण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आकडा त्या एका वस्तूचा असतो. आणि भाव चढले की जुन्या पात्यांवर नवी सोनेरी अक्षरेही उमटू लागतात, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. संग्राहक स्वतः गेला की मुलांना भंगार कोणते आणि ठेवा कोणता हे कळत नाही. अशा वेळी हे पानच त्यांना सांगते.

कायद्याचे थोडे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्याजवळ परवाना लागतो. दाराशी आलेल्या गृहस्थास तो अवश्य विचारावा. नांगरताना जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचे काही सापडले तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. जुनी बंदूक घरात असेल तर ती जुनी आहे म्हणून सुटते असे समजू नये. पोलीस ठाण्यात विचारून उत्तर लेखी घ्यावे.

आणि ती चिंच व विटकर आता बंद करावी. पूजेला हळदकुंकू खुशाल वाहावे. घासण्याने मात्र अक्षरे आणि सोन्याचे काम दरवर्षी थोडेथोडे जाते. मऊ फडक्याने पुसून पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात द्यावा, आणि कातडी म्यानात ओल धरते म्हणून पाते म्यानाबाहेर ठेवावे.

शिक्षक मंडळींना एकच विनंती. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना आपापल्या घरचे असे एक पान लिहून आणायला सांगा आणि त्याची प्रत शाळेच्या कपाटात ठेवा. शाळेतल्या प्रतीवर किमतीचा रकाना मात्र कोरा असू द्या. कोणाच्या माळ्यावर किती मोलाचे काय आहे, हे गावभर होण्याचे कारण नाही.