आंबवलेल्या चहाची फसफस
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पण दूध कसे विरजते आणि इडलीचे पीठ कसे फुगते, हे आपण सगळ्याच जणी जाणतो. कोंबुचा म्हणजे तसाच आंबवलेला गोड चहा. पुण्याला शिकणाऱ्या मुलींबरोबर त्याचे विरजण आपल्या बारामती-इंदापूरकडे आले. "आंबट होतो, पण सोड्यासारखा फसफसत नाही," अशी पुष्कळ जणींची तक्रार असते. त्याविषयी चार शब्द सांगते.

एक लिटर उकळत्या पाण्यात दोन चमचे चहापूड व पाच मोठे चमचे साखर घालावी. गाळून अगदी गार करावे. गरम चहात विरजण मरते. मग काचेच्या बरणीत विरजणाची चकती व अर्धी वाटी जुना आंबट चहा घालून तोंडाला स्वच्छ फडके बांधावे. पितळ, तांबे, अॅल्युमिनियम वापरू नये. आंबटाने ती कळकतात. आठ-दहा दिवसांत चहा तयार होतो.

ह्यात यीस्ट साखर खाऊन वायू व थोडे मद्य तयार करते. दुसरे जंतू हवेच्या साहाय्याने त्या मद्याचे आम्ल करतात. वायू मात्र फडक्यातून निघून जातो. म्हणून फसफस बरणीत येत नाही, ती बंद बाटलीत आणावी लागते.

बाटलीत भरण्यापूर्वी चहा ढवळावा, कारण यीस्ट तळाशी बसते. लिटरला एक लहान चमचा साखर किंवा आपल्या इंदापूरच्या डाळिंबाचा थोडा रस पुरे. एक चमचा साखरेतून सुमारे एक लिटर वायू निघतो, हे ध्यानात ठेवा! बाटली सोड्यासारखी जाड व गोल असावी. वर दोन बोटे जागा सोडावी. बूच घट्ट बसावे; ते सैल असले तर सगळी मेहनत वाया.

त्याच चहाची एक प्लॅस्टिकची बाटलीही भरावी. ती दाबून दगडासारखी कडक लागली, की सर्व बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात. आपल्याकडच्या वैशाखात एक दिवसही पुरतो, थंडीत चार-पाच लागतात. गार पाण्यात वायू चांगला मुरतो, म्हणून एक दिवस गार झाल्यावरच उघडावी.

आमच्या शेजारणीची शोभेची चौकोनी बाटली भर दुपारी ओट्यावर फुटली. काचा पाळण्यापर्यंत गेल्या. बाळ तेव्हा आजीजवळ होते, हे नशीब. म्हणून बाटल्या नेहमी झाकणाच्या खोक्यात, पोरांपासून दूर ठेवा.

आणखी एक. आमच्या सासूबाई माळकरी. त्यांनी विचारले, "ह्यात दारू असते का ग?" मी खरे सांगितले, "थोडी असते, आणि बंद बाटलीत वाढते." त्यांनी पेला बाजूला ठेवला. मला वाईट वाटले नाही. खोटे सांगून पाजले असते, तर वाटले असते. पाहुण्यांनाही आधी सांगावे. गरोदर बायकांना व लहान मुलांना देऊ नये. बुरशी दिसली, तर विरजणासकट सगळे टाकून द्यावे.

घरचे पेय घरच्यांना सुखाचे व्हावे, एवढाच हेतू.